काडी कुठली?

माझ्या बी.एस्सी.ची फी आंब्याच्या कलमांनी भरली. नर्सरीच्या पाटीवर मामाचं नाव होतं, परवान्यावर मामाचं, गावात लोक म्हणायचे तेही ‘मामाकडची कलमं’. पट्ट्या बांधणारे हात मामीचे होते.

वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. आई मला आणि धाकट्या भावाला घेऊन माहेरी आली. रत्नागिरीहून पावसकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, गडग्यांच्या वाटेने खाली उतरलं की मामाचं घर. माहेर म्हणजे भावाचं घर, आणि भावाच्या घरात पाहुणे किती दिवस राहतात हे भावजयीच्या तोंडाकडे बघून कळतं. मामीचं तोंड कामात असायचं. आम्ही गेलो ते जूनचे दिवस होते, पडवीत कोयींचा ढीग पडला होता. तिने मला आत बोलावून पाणी दिलं आणि विचारलं, “अक्षर बरं हाय का गो तुझं?”

बरं होतं. मग तिने फडताळातून एक वही काढून माझ्यापुढे टाकली. त्या वहीबद्दल पुढे सांगते, कारण माझं जे काही शिक्षण झालं त्यातला मोठा भाग त्या वहीत झाला.

मामाच्या वडिलांच्या काळात भेटकलम चालायचं. हापूसच्या झाडाभोवती माच बांधायचा, त्यावर रायवळ आंब्याची रोपं लावलेल्या कुंड्या चढवायच्या, रोपाचं खोड आणि झाडाची फांदी यांची साल एका बाजूने तासून दोघांना एकमेकांना बांधून टाकायचं. दोघंही आपापल्या मुळांवर उभी. अडीच-तीन महिन्यांत जोड धरला की फांदी हळूहळू आईपासून तोडायची. पद्धत खात्रीची, पण मेहनत फार. माचावरच्या प्रत्येक कुंडीला हाताने पाणी, आणि झाडाच्या फांद्या पुरतील तेवढीच कलमं. मामाच्या आईची कंबर त्या पाण्याने गेली असं घरात म्हणायचे. कोकणात हापूस इतकी वर्षं मोजक्या लोकांच्या बागेत राहिला, त्याला हे एक कारण आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी, विशेषतः जेझुइट पाद्र्यांनी गोव्यात आंब्यावर कलमं करायला सुरुवात केली. तिथून ही विद्या किनाऱ्याने वर आली, पण कुंडीकुंडीनेच आली.

१९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ निघालं. त्यानंतरच्या वर्षांत कोय कलम गावोगाव पोचलं आणि सगळा हिशोब बदलला. मी मामाकडे आले तेव्हा माच मोडून त्याच्या लाकडांचा मांडव झाला होता, वर झावळ्या, खाली पिशव्यांच्या रांगा.

कोयीला घाई असते. आंबा खाल्ल्यावर महिनाभरात ती मातीत गेली नाही तर आतला गर सुकतो आणि मग ती रुजत नाही. म्हणून मे संपता संपता कोयी गोळा करायच्या, गादीवाफ्यात पोटाची बाजू खाली करून मांडायच्या, वर शेणखत आणि पालापाचोळा. पाऊस पडला की दोन-तीन आठवड्यांत लालसर तांबूस कोंब वर येतात. पानं हिरवी व्हायच्या आत ते रोप कोयीसकट उपसायचं, कोयीच्या वर चार बोटं ठेवून शेंडा उडवायचा, आणि उरलेल्या दांड्यात मधोमध उभी चीर द्यायची. हापूसची काडी तेवढ्याच जाडीची हवी. तिचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. मग कोयीसकट पिशवीत.

चाकू मामाचा आणि गड्यांचा. पट्टी मामी आणि वाडीतल्या बायका बांधायच्या, शेकड्यावर मजुरी. कापणाऱ्याला कारागीर म्हणायचे आणि बांधणारीला बाई. पण कलम जगायचं की नाही हे बांधण्यावर ठरतं, हे मला फार पुढे, कॉलेजात कॅम्बियम शिकताना नीट समजलं. सालीच्या लगेच आत एक पातळ, ओलसर थर असतो. खोड जाड होतं ते त्याच थरातल्या पेशी वाढल्यामुळे. खुंटाचा, म्हणजे खालच्या रोपाचा, हा थर आणि काडीचा हा थर एकमेकांना भिडले तरच दोन्हीकडून नव्या पेशींची गाठ येते, त्या गाठीतून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या जुळतात, आणि परकी काडी दुसऱ्याच्या मुळावर जगायला लागते. मधल्या लाकडाला लाकूड कितीही घट्ट लागलं तरी त्याचा उपयोग नाही. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर मामी ती मधोमध ठेवत नसे, एका कडेला सरकवायची, निदान एका बाजूची साल तरी सालीला लागावी म्हणून. तिला कॅम्बियम हा शब्द ठाऊक नव्हता. मी तो सांगितल्यावर तिने विचारलं, “मग तुमच्या पुस्तकात पट्टी खालून वर गुंडाळायची की वरून खाली?” पुस्तकात ते नव्हतं. खालून वर, म्हणजे पावसाचं पाणी जोडात शिरत नाही.

आता वही. मामी दुसरीपर्यंत शिकलेली. वाचायची अडखळत, लिहायचा कंटाळा. पण कुठल्या वाफ्यातली काडी कुठल्या झाडाची, हे लिहिलेलं असलंच पाहिजे हा तिचा हट्ट. माझ्या आधी हे काम शेजारचा एक मुलगा करायचा, तो मुंबईला गेला होता. आमच्या बागेतल्या झाडांना नावं होती: विहिरीवरचा, खळ्याकडचा, सड्यावरचा पहिला, सड्यावरचा वाकडा. काड्या कापायच्या आठवडाभर आधी झाडावरच त्यांची पानं खुडायची, देठ ठेवून. देठ गळून पडले आणि टोकाचा डोळा फुगला की काडी तयार. त्या दिवशी मी वही घेऊन झाडाखाली उभी. तारीख, झाड, जुडी किती, कुठल्या रांगेत गेली. पाऊस लागला की इरल्याखाली लिहायचं. शाई फुटायची म्हणून पेन्सिल.

“विहिरीवरचा आणि सड्यावरचा, दोन्ही हापूसच ना? मग एवढं कशाला?” मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

“दोन्ही हापूसच. पण वाकडा एक वरीस देतो नि दोन वरसं बसतो. त्याची काडी घेतली तर घेणाऱ्याच्या दारात पण बसेल.”

याच्यावर पुढे शिकवताना मी वर्गात कितीदा बोलले असेन. दहावीच्या पुस्तकात शाकीय प्रजनन हा अर्ध्या-पाऊण पानाचा विषय: बटाट्याचे डोळे, पानफुटीच्या पानाच्या कडेला येणाऱ्या कळ्या, ऊस, आलं. मुलं पानफुटीचं पान वहीत ठेवून त्याला फुटलेली मुळं दाखवायला आणत आणि खूष होत. मीही होत असे. पण विषयाचं मर्म मामीच्या त्या उत्तरात आहे. बी हे दोघांचं असतं, त्यातून काय येईल ते सांगता येत नाही. हापूसची कोय लावून हापूस येत नाही, कारण मोहोरावर बसलेली माशी पराग कुठल्या झाडाचे घेऊन आली हे कोणालाच माहीत नसतं. मामीच्या भाषेत, “कोयीची आई ठाऊक, बाप त्या माशीला ठाऊक.” काडीचं तसं नाही. काडी म्हणजे तेच झाड, दुसऱ्या जागी उभं केलेलं. त्याचा स्वाद येतो, रंग येतो, आणि खोडीही येते. वयसुद्धा येतं. रायवळाची कोय लावली तर फळ दिसायला आठ-दहा वर्षं जातात, कलम चार-पाच वर्षांत धरतं. कधी तर पिशवीतल्या गुडघ्याएवढ्या कलमालाच मोहोर येतो, कारण काडी ज्या झाडाची आहे ते म्हातारं आहे. असला मोहोर मामी दिसला की खुडायची. गिऱ्हाईक हळहळायचं. अंगात ताकद नसलेल्या झाडाने फळ धरलं तर ते वाढतच नाही.

(अपवाद आहेत. दक्षिणेच्या किनाऱ्यावर ओलूर, बाप्पाकाई असे आंबे आहेत, त्यांच्या एका कोयीतून दोन-चार रोपं निघतात आणि त्यातली बहुतेक परागाविना, आईच्याच पेशींपासून झालेली असतात. हे मी मामीला सांगितलं तेव्हा तिने दोन मिनिटं हात थांबवला होता. तिचा हात थांबलेला मी फार वेळा पाहिलेला नाही.)

१९९० साली सरकारने रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आणली. पडीक सड्यांवर लोक खड्डे मारायला लागले, आणि खड्डा मारला की कलम हवं. आंबा, काजू, जे मिळेल ते. आमच्याकडे ट्रक यायला लागले. त्याच जूनमध्ये माझी बारावी झाली होती, मला रत्नागिरीला कॉलेजात जायचं होतं, खोलीचं भाडं, खानावळ, फी. आई शिवणकाम करायची, त्यात ते बसण्यासारखं नव्हतं. मामाचा पहिला विचार डी.एड.चा होता, लवकर नोकरी लागेल म्हणून. मामी म्हणाली, “औंदा माल जातोय, जाऊ दे तिला.”

त्याच पावसाळ्यात एक कंत्राटदार आला. त्याला जेवढी कलमं होतील तेवढी हवी होती, रोख पैसे, पण ऑगस्ट संपायच्या आत. आमच्या झाडांवर तेवढ्या काड्या नव्हत्या. तो म्हणाला काड्यांचं मी बघतो, पोत्याने पाठवतो, तुम्ही फक्त बांधून द्या. मामा तयार होता. अशा वेळी कोण तयार होणार नाही? मामीने विचारलं, “काडी कुठली?” तो म्हणाला, “हापूसची.” तिने पुन्हा विचारलं, “झाड कुठलं?” त्याला ते सांगता येईना. तिने पट्ट्यांची गुंडाळी उचलून आत नेऊन ठेवली आणि बायकांना दुपारची सुट्टी दिली.

त्या रात्री घरात जे बोलणं झालं ते मी पडवीत झोपल्या झोपल्या ऐकलं. मामा पैशाचं बोलत होता आणि त्यात माझी फी होती, तेही बोलला. मामी एवढंच म्हणत राहिली की माशाचा वाईटपणा त्याच दिवशी कळतो, भाजीचा दुसऱ्या दिवशी. कलमाचा कळायला पाच वर्षं लागतात. तोवर बिचाऱ्याने कुंपण घातलेलं असतं, पाणी घातलेलं असतं, वणव्यापासून राखलेलं असतं. मग तो कोणाला शोधत येणार?

कंत्राटदार दुसरीकडे गेला. त्याला दुसरं कोणीतरी मिळालंच असणार. महाराष्ट्रात फळांच्या रोपवाटिकांचा कायदा १९६९ पासून आहे, परवाना लागतो. पण कागदावर जे लिहाल ते खरं असेल याची हमी शेवटी लिहिणाऱ्याचीच. माझी फी त्या वर्षी जमली ती मामीने बायकांबरोबर दुसऱ्या दोन नर्सऱ्यांत जाऊन शेकड्यावर पट्ट्या बांधल्या म्हणून. तिथेही ती आधी झाडं बघून आली होती असं मला नंतर कळलं. त्यांनी तिला हसत हसत दाखवली म्हणे.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं. सुट्टीत घरी आले की शिकलेलं सगळं मामीला सांगायची खोड लागली. १९५८ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात स्टीवर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने गाजराच्या मुळातल्या पेशी काचेच्या भांड्यात नारळाचं पाणी घालून वाढवल्या आणि त्यातून अख्खं गाजराचं झाड उभं केलं, म्हणजे झाडाच्या साध्या पेशीतही पूर्ण झाड व्हायची शक्ती असते. मी हे मोठ्या तावात सांगितलं. मामी सुरणाचा कांदा कापत होती, प्रत्येक फाकेत एक डोळा येईल असा. “नारळाचं पाणी घातलं होय?” ती म्हणाली. “मग येणारच.” बाकीच्या गोष्टीत तिला नवल वाटलं नाही.

तिचं दुःख एकच होतं, ते रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं. लग्न होऊन आली तेव्हा तिने परसात स्वतः बी रुजवून एक रोप लावलं होतं. सात-आठ वर्षं पाणी घातलं, फुलं आली, फळ नाही. कोकमात नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि फुलल्याशिवाय कोणतं ते समजत नाही. बियांपासून लावली तर निम्मी झाडं नर निघायची. तिचं ते नर निघालं. सासूने बोलून घेतलं. झाडावरून सुनेला बोलायला सासूला किती वेळ लागतो! पुढे विद्यापीठाने कोकमाची कलमं काढली, मादी झाडाच्या काडीची, आणि १९९७ मध्ये ‘कोकण अमृता’ ही जात आणली. मी तेव्हा नोकरीला लागले होते. पहिल्या पगारातून नव्हे, पण त्या सुमाराला, दापोलीहून दोन कलमं आणून तिला दिली. तिने पिशवी फिरवून जोड पाहिला, पट्टी नीट बांधलेली आहे की नाही ते बोटाने चाचपलं, आणि नर झाड तोडू दिलं नाही. शेजारी एखादा नर असला की फळ चांगलं धरतं.

लोक तिच्यापुढे माझं कौतुक करत, “तुमच्या घरात कलम करून वाढवली हो पोर,” असं कोणी म्हणालं की तिला हसू यायचं. “काडीला फी भरावी लागत नाय,” ती म्हणायची.

एकदा लांजा तालुक्यातून एक गृहस्थ आले, रागावलेले. आमच्याकडून नेलेल्या कलमांपैकी एकाला रायवळ लागला होता, आंबट, दोऱ्यांचा. मी नेमकी सुट्टीवर होते. वही काढली. तारीख सापडली, रांग सापडली, झाड विहिरीवरचं. मामा भांडायच्या तयारीत. मामी चप्पल घालून म्हणाली, “दाखवा झाड.” मीही गेले. झाड छान वाढलेलं होतं. तिने खाली बसून बुंध्याशी माती हाताने बाजूला केली. जोड मातीखाली गाडला गेला होता, आणि जोडाच्या वर होती ती फक्त सुकलेली बोटभर काडी. हापूस केव्हाच मेला होता. खालच्या खुंटाला फूट आली होती आणि तीच झाड म्हणून वाढवली होती. पाच वर्षं त्या माणसाने रायवळाला मनापासून पाणी घातलं होतं.

त्यात फसवणूक कोणाचीच नव्हती. मामीने त्याला बोल लावला नाही. झाड बुंध्याच्या वर छाटायला सांगितलं. पुढच्या पावसाळ्यात नवीन फुटवे आले तेव्हा परत जाऊन त्यातल्या तीन फुटव्यांवर विहिरीवरच्या काड्या भरल्या. पैसे घेतले नाहीत. मुळं जुनी आणि दणकट, त्यामुळे ते झाड फार लवकर धरलं.

वाटेत एस.टी.त ती एक म्हणाली, ते मला पटायला बरीच वर्षं गेली. ती म्हणाली, रायवळाला उगाच शिव्या देतात. प्रत्येक हापूसच्या खाली रायवळ उभा आहे. आता सड्यावरचे रायवळ पेट्यांच्या फळ्यांसाठी तुटत चाललेत. उद्या कोयी कुठून आणणार? शास्त्राच्या भाषेत सांगायचं तर काडीने वाढवलेल्या झाडांत नवं काही जन्मत नाही. हापूसमध्ये साका आहे, वरून फळ सुंदर आणि कापल्यावर आत पांढरट स्पंजासारखा गर, आणि प्रत्येक नव्या कलमात ती खोड जशीच्या तशी उतरते. ती काढायची तर परत बीजाकडे जावं लागतं. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१ मध्ये ‘रत्ना’ दिला, त्यात साका नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून ‘सिंधू’, बारीक कोयीचा. आणि मग त्या एकेका नव्या झाडाच्या पुन्हा काड्याच कापाव्या लागल्या. मला विचाराल तर बागेच्या कडेला चार रायवळ राखणं हे हापूस लावण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. हे मत माझं नाही, तिचं आहे.

मामी जाऊन काही वर्षं झाली. नर्सरी आता मामेभाऊ चालवतो, वही त्याच्या मोबाइलमध्ये आहे. जुन्या वह्या माझ्याकडे. त्यांतल्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्या सातवीतल्या अक्षरात ‘विहिरीवरचा’ हा शब्द ऱ्हस्व-दीर्घासकट चुकलेला आहे, आणि कुठलंही झाड वगळलेलं नाही. पुढे मी बत्तीस-चाळीसच्या वर्गांना प्रयोगवह्या लिहायला लावल्या, तेव्हा निरीक्षण आधी आणि निष्कर्ष मागाहून हे सांगताना मला कोणाचंही पुस्तक लागलं नाही. तिचं देणं फेडण्याची सोय नाही. तिला ते देणं वाटत नव्हतं, आणि मला काही परत करू देईल अशी ती बाई नव्हती.

तेव्हा हे तुमच्यासाठी. येत्या पावसाळ्यात कलम घ्यायला जाल तेव्हा उंच आणि भरगच्च पानांचं बघून भुलू नका, जोड बघा. तो सरळ आणि एकजीव भरलेला असावा. लावताना जोड मातीच्या वर राहू द्या, आणि चांगला धरल्यावर पट्टी सोडा, नाहीतर ती सालीत रुतते. जोडाखालून फूट आली की लगेच काढा, कितीही जोमदार दिसली तरी. पहिली तीन वर्षं मोहोर खुडा. आणि पैसे देण्याआधी नर्सरीवाल्याला विचारा, काडी कुठली? तो ‘हापूसची’ म्हणाला तर झाड दाखवायला सांगा. दाखवलं नाही तर दुसरीकडे जा.